पहिला तांब्या माझ्या पायावर

३ डिसेंबर, बुधवार
सगळ्यात आधी टपकली ती गयाबाईच. माझी लेक शीला लेकराला घेऊन काल सांजच्याला दवाखान्यातून घरी आली आन् आज चूल पेटायच्या आत ही शेजारीण दारात उभी. "जयभीम सुभद्राबाई, नात बघायला आले." नात बघितली घडीभर, बाकी सगळा वेळ सरपंचाच्या सुनेचं सांगत बसली. तिनं म्हणं घरातल्या घरात दोन चुली मांडल्या. चहा दोनदा पिली. जाताना म्हणली, "नाक आजीचं घेतलं बया पोरीनं." मालक बाजेवरून बोलले, "मग अवघड हाय." मी लई हासले. लई दिसांनी.

पोरगी गव्हाळ. जावळ इतकं दाट की टोपरं बसंना. झोपेत ओठ हालवती, कुणाला तरी काही सांगती जणू. शीला पहिलटकरीण, तिला लेकरू धरायचीबी भीती. मी म्हणलं, तू निजून रहा, मी हाय.

न्हाऊ घातलं. पाटावर बसले, पाय लांब केले, पायांवर पोरीला पालथी घातली. पहिला तांब्या माझ्या पायावर, मग लेकराला. आपल्या पायाला सोसलं की लेकराला सोसतं, आईनं असंच शिकवलं. गावातली निम्मी पोरं माझ्या पायावर न्हालेली हायत. आता ही माझी सोताची.

ही डायरी माझ्या लेकानं, राहुलनं दिली, बी-बियाणाच्या दुकानात फुकट मिळाली त्याला. शीला म्हणली, "आई, पायाचं लिहून ठेव. डॉक्टर इचारतो कधीपासून, तर तू भाकरीच्या पिठापासून सुरू करती." मग लिहिते. दोन्ही पावलं. मिरच्या कुटून हात न धुता डोळ्याला लावला की जशी होती तशी आग, पण आतून. दिवसा मुंग्या. दिवाळीच्या आधी पायात होतं, आता हाताच्या बोटातबी आलंय.

६ डिसेंबर, शनिवार
विहारात वंदनेला सगळी गेलती. मी न्हाई. उभं राहवंना. मागं बसून घे म्हणले मालक, पण खाली फरशी लई गार. पाय गार फरशीवर ठेवला की बरं वाटतं आन् थोड्या वेळानं पाय हाय का न्हाई तेच कळंना होतं. हे कुणाला सांगावं.

पोरीला गुटी उगाळून दिली. तोंड असं केलं तिनं की शीला बाजेवर लोळून हासली.

पायाची आग. पा.आ. लिहीन आता, लई वेळा लिहायला लागतंय.

८ डिसेंबर, सोमवार
दिंद्रुडला गेलते राहुलच्या गाडीवर. डॉक्टरकडं ही गर्दी. बाकड्यावर एक म्हातारी भेटली, लिंबगावची, तिचंबी पायाचंच. तिची कहाणी ऐकता ऐकता माझा नंबर निघून गेला, राहुल चिडला.

डॉक्टरनं लाल इंजेक्शन दिलं. म्हणले, "शुगर तपासा माजलगावला. आन् लिहून ठेवताय ते चांगलं हाय." शीलाला सांगितलं तर लगीच मान वर करून बसली, आपणच डॉक्टर झाल्यावानी.

येताना गाडीवरून उतरले, घरापतोर चालत आले, गयाबाई मागून ओरडती, "अगं एक चप्पल वाटंत राहिली तुझी!" बघते तर खरंच. डावा पाय अनवाणी. मला पत्ता न्हाई. गयाबाई म्हणली, नातीच्या नादात हाय म्हातारी. मीबी तसंच म्हणलं.

पा.आ. इंजेक्शननं कमी न्हाई.

११ डिसेंबर, गुरुवार
गयाबाईनं काशाची वाटी आणून दिली. तूप लावून तळपायाला घासायची, उष्णता निघती, तळवे काळे होतात. मालकाला बसवलं घासायला. ते लाजले. "लोक बघतील." म्हणलं, बघू द्या की, लगनात मी तुमचे पाय धुतले तवा समदं गाव बघत होतं.

मी शीलासंगं बोलत बसले. बोलता बोलता म्हणलं, "अवो, घासायला लागा की, काय वाटी हातात धरून बसलात."
मालक म्हणले, "कधीचा घासतोय."
खाली बघितलं तर तळवा काळा मिचकूट.
मी हासले, ते न्हाई हासले. वाटी धुऊन ठेवली आन् बाहेर जाऊन बसले. शीलाला कळलं न्हाई बहुतेक. पोरीला पाजीत होती.

१४ डिसेंबर, रविवार
नाव ठेवलं. तनिष्का. शीलाच्या नणंदेनं काढलेलं. मला एवढं मोठं लिहवंना, मी तनू लिहीन. विहारातून भंतेजी आलते, पंचशील झालं, खीर केली, तलवाड्याहून विहीण आन् व्याही, दोघं आलते. विहीणबाईचं नाव कमल. बाई ठाशीव. बोलणं कमी, बघणं जास्त. साडी आणली मला, हिरवी. पोरीला पाळण्यात घातली तवा डोळे पुसले तिनं, कुणाला दिसू न देता. मला दिसलं.

न्हाऊ घालताना उभी होती न्हाणीच्या दारात. म्हणली, "हात चांगला हाय तुमचा ताई." लई बरं वाटलं. विहिणीनं कवतिक करणं म्हणजे साधी गोष्ट न्हाई.

माणसांत पा.आ. ध्यानात येत न्हाई. माणसं गेली की येती.

१५ डिसेंबर, सोमवार
थकले. तनू रडली, मी बी.
भाकर भाजताना बोटाला फोड आलेली सकाळी दिसली. कधी आली ठाऊक न्हाई. तवा तर मी फडक्याबिगर उतरवते, ते जलमाचंच हाय. हाताला सवय.

१७ डिसेंबर, बुधवार
माजलगाव. रक्त काढलं. शुगर न्हाई. राहुल खूश, मीबी. मग तिथल्या डॉक्टरनं मणक्याचा फोटो काढायला लावला. फोटो उजेडाला धरून बघितला. माझी हाडं बघितली मी पहिल्यांदा. लई कुरूप असतं माणूस आतून.

डॉक्टर म्हणले, मणक्याची नस दबली असंल, वय झालं. कमरेचा पट्टा लिहून दिला. खाली वाकू नका, खाली बसू नका. म्हणलं, डॉक्टर, मग चूल कुठं करू, डोक्यावर? ते हासले न्हाईत.

पट्टा बांधून बसले तर तनूला पोटाशी घेता येईना. काढून टाकला. मालक ओरडले. म्हणलं, तुमीच बांधा. त्यांनी बांधला आन् दिवसभर तसेच हिंडले गावात, बरं वाटतंय म्हणले. पट्टा माझा, गुण त्यांना.

हातापायात चमक न्हाई, दुखणं न्हाई. निसती आग आन् मग काहीच न्हाई. ते काहीच न्हाई कसं सांगावं डॉक्टरला.

२० डिसेंबर, शनिवार
हे लिहू का नको.

थंडी लई होती सकाळी. पाणी जरा जास्त तापवलं. तनूला तेल लावलं, पायावर घेतलं. हात बुडवून बघितलं पाण्यात, कोमट वाटलं. पहिला तांब्या माझ्या पायावर ओतला. काही न्हाई. मनात आलं, गारच हाय की. म्हणून इसणाचं गार पाणी घातलंच न्हाई. ओंजळीनं तिच्या पाठीवर घेतलं. ती किंचाळली. लेकरं रडतातच न्हाताना, मी गाणं म्हणायला लागले. शीला पोरीची मान धरायला वाकली, तिच्या हातावर शिंतोडा उडाला.

"आई! कढत हाय! आई!"

तिनं तनूला ओढून घेतलं माझ्या पायावरून. मी तशीच बसलेली, तांब्या हातात. माझ्या मनात येतंय, काय झालं हिला, उगं ओरडती.

पाठीवर हाताच्या तळव्याएवढं लाल. गार पाणी घातलं, राहुल दोघींना घेऊन पळाला सरकारी दवाखान्यात. मी न्हाणीतच. मालक आले, माझ्या पायाकडं बघत उभे राहिले. मग मीबी बघितलं. दोन्ही नडग्यांवर कातडं वर आलेलं, पाण्यानं भरलेलं. मला काही, काहीच

सिस्टर म्हणली तनूला काही न्हाई, मलम लावा, उद्यापतोर जाईल. पहिला तांब्या माझ्या पायावर गेला म्हणून वाचली, असं राहुल म्हणला. त्यानं चांगल्या मनानं म्हणलं.

२१ डिसेंबर, रविवार
तनूच्या पाठीचं लाल गेलं. शीलानं तीनदा दाखवलं मला, बघ आई, गेलं.
न्हाऊ शीलानंच घातलं. पाय लांब करून, जसं मी बसते तसं. तांब्या ओतायच्या आधी दोनदा पाण्यात हात घालून बघितला. मी चुलीपाशी बसले. बोलवलं न्हाई तिनं आन् जा बी म्हणली न्हाई.

२३ डिसेंबर, मंगळवार
सविता आलती, आमच्या गावची आशाताई. तनूचं वजन करायला. वजन वाढलंय. मग माझ्या नडग्यांना पट्टी बदलताना तिनं पोटरी बघितली. मागल्या अंगाला एक चट्टा हाय, फिकट. उन्हाचा असंल, पावसाळ्याच्या आधीपासून हाय, खाज न्हाई दुखणं न्हाई, कशाला बघायचं. आन् माणसाला सोताची पोटरी दिसती कधी.

सविता म्हणली, "मावशी, तिकडं बघा." मी तनूकडं बघितलं. तिनं पेनाचं टोक लावलं. "कुठं लावलं?" म्हणलं, लाव की आधी.

तिनं पेन खाली ठेवला. तिचा आवाज बदलला. "मावशी, अंबाजोगाईला जाऊन या. घाबरायचं काही न्हाई. काही निघालं तर गोळ्या हायत, फुकट हायत, बरं होतं माणूस."
मी म्हणलं, काही म्हणजे काय?
"ते डॉक्टरच सांगतील."

मालक उठून बाहेर गेले. शीला तनूला थोपटत होती, तिचा हात थांबला. नाव कुणी घेतलं न्हाई. मला नाव ठाऊक हाय. लहानपणी आमच्या गावाबाहेर एक बाई राहायची, तिची भाकर झाडाखाली दगडावर ठेवायचे. आमी पोरं तिकडून गेलो की पळायचो. तिचं नाव काय होतं आता आठवंना. कावून पळायचो तेबी कुणी सांगितलं न्हाई तवा.

२६ डिसेंबर, शुक्रवार
अंबाजोगाई. पहाटेची एष्टी, राहुल संगं. खिडकीतून ऊस, ऊस, आन् ऊस.

डॉक्टर बाई. शीलापेक्षा लहान असंल. केस बांधायला वेळ मिळालेला न्हाई बिचारीला. मला म्हणली, "आजी, डोळे मिटा. मी कापूस लावते, लागला की हो म्हणा."
मी मिटले. थोडा वेळ थांबून म्हणलं, हो.
परत थोड्या वेळानं, हो.
परत हो.
ती म्हणली, "आजी, मी अजून लावलाच नाही."
राहुलनं कपाळाला हात लावला. मी म्हणलं, "तुमी एवढ्या खाली वाकून बसलात, न्हाई कसं म्हणावं." ती हासली, मग तिनं माझा हात धरून ठेवला थोडा वेळ. म्हणली, "मला बरं वाटावं म्हणून नका सांगू. खरं सांगा. नाही लागलं तर नाही."

मग खरं सांगितलं. न्हाई. न्हाई. न्हाई. गुडघ्यावर हो. परत न्हाई. इतकं न्हाई म्हणून थकले मी.

कोपराच्या मागं बोट दाबून बघितलं, तिथं कळ गेली पार करंगळीपतोर. मग काय काय इचारलं. जेवण? भाकर, वरण. दूध? चहात. मटण? पावणे आले की. अंडी? मालक खातात. मिश्री? लावते, दात दुखतात. गोळ्या कुठल्या? पित्ताची, रोज सकाळी. कधीपासून? राहुल बारावीला असल्यापासून. कुणी दिली? गयाबाईनं. ती लिहिता लिहिता थांबली. "गयाबाई कोण डॉक्टर आहेत?" राहुलनं सांगितलं, शेजारीण.

वायर लावून करंट दिला पायाला, बारीक बारीक. रक्त घेतलं. चट्ट्याचा एक बारका तुकडा काढला. तेबी कळलं न्हाई, बधिर करायची सुई टोचायच्या आधीपासूनच.

म्हणली, "दोन-तीन गोष्टी असू शकतात. रक्तात जीवनसत्त्व कमी असेल, त्या गोळीनंही होतं तसं. दुसरं, नसांचा एक आजार."
म्हणलं, "नाव सांगा बाई. मी लहान न्हाई."
तिनं सांगितलं. कुष्ठरोग. सरळ माझ्याकडं बघून. "असेलच असं नाही. असला तरी गोळ्यांनी बरा होतो, दुसऱ्याला लागायचा थांबतो. तपासणी आल्याशिवाय मी काही ठरवणार नाही."
"आन् हे हाताचं? पहिल्यावानी लागंल का?"
"जे गेलंय त्यातलं किती परत येईल, आत्ता नाही सांगता येणार, आजी."
"नातीला घेऊ का मांडीवर?"
"घ्या की. घ्या."
"खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून नका सांगू."
ती परत हासली. "खरं सांगते. मांडीवर घ्या. पाणी मात्र दुसऱ्याला बघू द्या."

पित्ताची गोळी बंद केली. रिपोर्ट १२ जानेवारीला, सोमवारी.

येताना एष्टीत राहुल म्हणला, "आई, घरी काय सांगायचं?" म्हणलं, डॉक्टरनं सांगितलं ते. सगळं.

२८ डिसेंबर, रविवार
सगळं सांगितलं. शीलानं ऐकून घेतलं, उठली, तनूला आणलं आन् माझ्या मांडीवर ठेवलं.  मांडीला ती कळती मला, वजन कळतं, गुडघ्याच्या वर सगळं कळतं. तेवढं हाय अजून.
पा.आ. हाय. पित्तबी उसळलं.

३० डिसेंबर, मंगळवार
गावात कळलं. कसं कळलं ते इचारायचं काम न्हाई, एष्टीत आपल्या गावचं कुणी न कुणी असतंच.

गयाबाई आली. उंबऱ्यापाशीच बसली. म्हणलं आत ये, थंडी हाय. "बरं हाय इथं, उजेड हाय." चहा केला. "आत्ताच घेतला ग."

गयाबाई आन् चहाला न्हाई!

कप तसाच राहिला दोघींच्या मधी, साय धरली त्याच्यावर. ती सरपंचाच्या सुनेचं सांगत होती, दोन चुली होत्या त्यांची आता एक झाली म्हणं. मी हूं हूं करत होते. माझी आजी सांगायची, तिला पाणी वरून ओंजळीत ओतायचे, भांडं लागू देत नसत. मी म्हणायची, आजे, गेलं ते समदं आता. गयाबाईची आजीबी तसंच पाणी पिली असंल. तिनं काही वाईट मनानं केलं न्हाई. भ्याली. मीबी पळायचेच की त्या झाडापासून.

ती गेल्यावर मालकांनी तो चहा पिऊन टाकला. गार. सायीसकट. आन् म्हणले, साखर कमी पडली.

२ जानेवारी, शुक्रवार
काही लिहू वाटंना.
रोज कुणीतरी यायचं नातीला बघायला. आता येत न्हाईत. थंडी हाय म्हणून, शीला म्हणती.
बोटातून सुई सुटती. तनूचं झबलं शिवत होते, राहिलं.
आग रात्रभर. दमले मी या पायांना. माझेच हायत आन् माझे न्हाईत.

४ जानेवारी, रविवार
तनू हासली. झोपेतलं न्हाई, खरं. माझ्याकडं बघून. मालक म्हणतात वारा गेला असंल पोटातला. जळतात.

दिवसभर दात नसलेलं ते बोळकं डोळ्यापुढं. पा.आ. इचारू नका आज.

६ जानेवारी, मंगळवार
तलवाड्याहून फोन. जावयाचा. शीला आत जाऊन बोलली, लई वेळ. बाहेर आली ती डोळे लाल. म्हणलं काय? "काही न्हाई." मग भाकर थापता थापता म्हणली, "आई येणार हायत माझ्या सासरच्या. शनिवारी. मला आन् तनूला नेते म्हणतात, लवकर."

सव्वा महिना तर अजून कुठं झाला. पहिलं बाळंतपण, माहेरात तीन महिने तरी ठेवतात.

म्हणलं, "तू काय म्हणलीस?"
"मी म्हणलं, या."
 भाकर करपली. तिनंच सांगितलं करपली म्हणून, वास मला आला न्हाई का आला, मन तिकडं नव्हतं.

मी शीलाला म्हणलं, जायचं असंल तर जा बाई. माझ्यामुळं सासरी वाकडं नको. ती म्हणली, "तू गप बस." आईला असं बोलती. बरं वाटलं.

८ जानेवारी, गुरुवार
विहीणबाईला काय बोलायचं ते मनात जुळवते. जुळलं की मोडतं.
घर सारवून घेतलं गयाबाईच्या सुनेकडून. ती आली आपण होऊन. गयाबाईनं धाडली का सोता आली, इचारलं न्हाई. चहा पिली तिनं, दोन कप. सासूवर गेली.

१० जानेवारी, शनिवार
आली. व्याही आन् विहीणबाई, जीप करून. जीप करून म्हणजे न्यायच्याच तयारीनं. मी पदर नीट केला, हिरवी साडी नेसले होते तिनं दिलेली. नडग्यांवरच्या पट्ट्या साडीत झाकल्या.

"जयभीम ताई." "जयभीम."

पाणी दिलं शीलानं, माझ्या हातून न्हाई. विहीणबाई पाणी पिली, गलास खाली ठेवला आन् सरळच बोलली. "ताई, मला लपवून बोलता येत न्हाई. लोक काय काय सांगतात. लेकराला काही व्हायला नको एवढंच. तुमी वाईट वाटून घेऊ नका."

जुळवलेलं समदं इसरले. म्हणलं, "वाईट वाटलंच. पण तुमी सरळ बोललात ते बरं झालं. नाव अजून ठरलं न्हाई दुखण्याचं. सोमवारी कळंल. डॉक्टर बाई म्हणल्या मांडीवर घ्या. मी मांडीवर घेते. न्हाऊ घालत न्हाई."

"कावून? डॉक्टर घे म्हणल्या तर?"

मग तिला त्या सकाळचं सांगितलं. पाण्याचं. पाठीवरच्या लालीचंबी, तळव्याएवढं होतं, हेबी. व्याही उठून बाहेर मालकापाशी गेले. शीला माझ्याकडं बघायला लागली, आई कशाला सांगती. पण तिच्या नातीचं हाय, तिला नको का कळायला.

विहीणबाईनं तनूचं झबलं वर करून पाठ बघितली. मग म्हणली, "आज न्हाली का पोरगी?"
न्हाई.
"मी घालते."

न्हाणीत पाट ठेवला. ती बसली, पाय लांब केले. लेकरू आडवं घेतलं तर तनू लागली किंचाळायला. विहीणबाईची तारांबळ. एवढी ठाशीव बाई, हात कुठं धरावा कळंना. म्हणली, "आमच्याकडं सुईणबाई घालायची, माझ्या लेकरांनाबी मी न्हाई घातलं."
मी दाराशी बसले. म्हणलं, पालथी घाला. मान डाव्या हातावर. गुडघे जुळवा, मधी फट नको. हां. आता पहिला तांब्या तुमच्या पायावर.

तिनं ओतला.

"कसं लागतंय?" मी इचारलं.
"बरं हाय."
"बरं म्हणजे कसं? गार? कढत? सांगा की नीट."

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं. तनू रडतच होती. मग तिनं आणखी एक तांब्या सोताच्या पायावर घेतला, सावकाश, जणू काही चाखून बघावं.
"ऊन ऊन लागतंय, ताई. आपण गोधडीत शिरल्यावर पाय आधी गार असतात, मग हळूहळू ऊब येती ना, तसं. नडगीवरून घोट्यापतोर गेलं, आता बोटात उतरलं."
"मग घाला तिला," मी म्हणलं.

पाणी पडल्यावर तनू गप झाली.

मग जेवण झालं. शेंगदाण्याची चटणी, भाकर, वांगं. विहीणबाई माझ्या शेजारी बसली. शीलाची पिशवी भरून दाराशी होती सकाळपासून, तिकडं कुणी गेलं न्हाई. व्याह्यांनी दोनदा जीपवाल्याचं नाव काढून बघितलं, विहीणबाईनं ऐकलं न्हाई असं केलं. निघताना तनूच्या टाळूवर हात ठेवला आन् शीलाला म्हणली, "थंडीत कानटोपी काढू नको." मला म्हणली, "सोमवारी काय सांगतात ते फोन करून सांगा. तुमीच करा. राहुलला नका लावू करायला."

म्हणलं, करते. मग इचारलं, न्यायला कधी येणार?

तिनं चप्पल घातली, पदर खोचला. नेतो म्हणली न्हाई, ठेवतो म्हणली न्हाई. व्याही म्हणले बघू, तिनं त्यांच्याकडं बघितलं तसे गप झाले. गुरुवारी येतो म्हणली, पोरीचं पाणी तापवून ठेवा.